चार्ज कुणाकडे देऊ

९ फेब्रु., सोमवार

आईला काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. कात्रजच्या तिच्या घराला कुलूप, आता ती इथे खडकीला आमच्या क्वार्टरमध्ये. अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात उचलत नाही, बोलणं अर्धंच कळतं. सकाळी तिला पुसून कपडे बदलताना बाहीत आधी कुठला हात घालायचा तेच सुचेना. तेवीस वर्षं कंपनीच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली, पण स्वतःच्या आईपुढे सगळं ज्ञान पातळ होतं.

आज हडपसरला ड्यूटीवर गेले ते रजेचं बोलायलाच. तीन महिने, बिनपगारी चालेल म्हटलं. अनघाकडे गेले. एच.आर.ची हेड झाली तरी मला ती अनघाच. ट्रेनी होती तेव्हा डोकं दुखतं म्हणून दवाखान्यातल्या कॉटवर येऊन पडायची आणि कामाचं टेन्शन आलं की रडायची. दोन्ही गरोदरपणांत तिचं बी.पी. मीच बघत होते.

तिने उठून दार लावलं. पाणी दिलं. "ताई, रजा दिली तर जागा अडकून राहते. आणि दवाखाना एक दिवससुद्धा सिस्टरशिवाय ठेवता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. मला तिथे माणूस बसवावाच लागेल. मग तुम्ही परत आलात की दोघींचं काय करू?"

पटलं. मग म्हणाली, त्यापेक्षा राजीनामा द्या. आठ आठवड्यांची नोटीस असते, तेवढ्यात नवीन मुलगी येईल, तिला तयार करा आणि मानाने जा. "आई बऱ्या झाल्या की मला एक फोन करा. मी आहे ना."

खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. कोणीतरी ठरवून दिलं.

१२ फेब्रु., गुरुवार. आठवड्याची सुट्टी.

राजीनामा लिहिला. मजकूर अनघानेच व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, तो उतरवला. 'घरगुती कारणामुळे, स्वखुशीने.' प्रकाशना वाचून दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "स्वखुशीने?" म्हटलं, अहो, तसंच लिहितात.

संध्याकाळी तन्वीचा हिंजवडीहून फोन. "आई, डायरेक्ट रिझाइन कशाला? सबॅटिकल माग ना, मोठी सुट्टी." म्हटलं, आमच्या कंपनीत सबॅटिकल म्हणजे काय ते समजावण्यातच तीन महिने जातील.

१३ फेब्रु.

दिला. दुपारी मंजूर होऊन आला. एवढ्या लवकर? माझी कॅन्टीनची तक्रार दोन वर्षं मंजूर होत नाहीये. शेवटचा दिवस १० एप्रिल.

२१ फेब्रु., शनि.

नवीन मुलीसाठी औषधांचं कपाट लावायला घेतलं. सगळं माझ्या हाताच्या सवयीने ठेवलेलं, दुसऱ्या कुणाला सापडणार नाही. जखमेचं सामान खाली आणलं, गोळ्या वर. वर्कशॉपमधली माणसं येतात तेव्हा कापलेलं बोट धरून येतात. त्या मुलीला शोधत बसायला लागू नये.

प्रेस मशीनवरच्या पोरांना एकच सांगणं असतं, रक्त आलं की हात वर धरा. तेही तिला सांगायचं.

आईने आज डाव्या हाताने चमचा धरला. अर्धा वरणभात साडीवर. दोघी हसलो.

४ मार्च, बुध.

नवीन सिस्टर अजून नाही. दिवसा आईपाशी बाई ठेवली आहे, संध्याकाळी प्रकाश असतात. नोटिशीचे दिवस आईच्या अंगावर काढतेय असं वाटतं. रजा मिळाली असती तर आज तिच्यापाशी असते. असो.

११ मार्च

अनघा जिन्यात भेटली. विचारलं, अगं, नवीन सिस्टर कधी? मला चार्ज द्यायचाय. चालता चालताच म्हणाली, "इंटरव्ह्यू चालू आहेत, ताई. होईल." वरच्या पायरीवरून वळून विचारलं, "आई कशा आहेत?" उत्तर द्यायच्या आत वर गेली.

बिझी असते बिचारी.

१७ मार्च, मंगळवार

हे सगळं आजच लिहून ठेवते.

दुपारी जेवणानंतर शिंदे आले. आमच्या अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, फुरसुंगीचे. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघांनी सोळा वर्षं एकत्र चहा प्यायलाय. म्हणाले, "शिष्टर, जरा बी.पी. बघा. डोकं गरगरतंय."

पट्टा बांधला, पंप करायला लागले. ते बोलायला लागले. "वर बोलावलं हुतं. गाडी इकायची हाय म्हनं. आता लागंल तवा हास्पिटलवाल्यांची गाडी येनार. ड्रायव्हरची जागाच ऱ्हात नाय."

मी म्हटलं, अहो शिंदे, मग तुमचं काय?

"नोटिशीचा पगार देत्यात. आन् नोकरीच्या दर वर्साला पंधरा दिसांचा पगार, भरपाई म्हनून. ग्रॅच्युइटी येगळी. जागाच संपली तर कायद्यानं द्यावंच लागतंय म्हन्ली म्याडम." मग माझ्याकडे बघून, अगदी भाबडेपणाने, "तुमाला तर लय आसंल की. माज्यापरीस जास्त वर्सं झाली तुमाला."

मला कशाला भरपाई, मी म्हटलं. माझ्या जागी दुसरी येतेय.

शिंदेंनी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "शिष्टर, दवाखानाच बंद व्हायचाय नव्हं? म्याडमच बोलल्या. तुमाला म्हाईत नाय?"

मी पट्टा तसाच फुगवून धरला होता. किती वेळ ते कळलं नाही. "शिष्टर, हात दुखतूय," म्हणाले तेव्हा हवा सोडली. आकडा बघितलाच नव्हता. पुन्हा मोजावं लागलं.

खडकी बाजारला कंपनीची बस थांबते, तिथे उतरायचं विसरले. ड्रायव्हर म्हणाला, सिस्टर, झोप लागली का? हो म्हटलं.

प्रकाशना सांगितलं नाही. शिंदेंचं ऐकण्यात काही चुकलं असेल.

१९ मार्च, गुरु. पाडवा.

समोरच्यांची गुढी. आईला खिडकीशी बसवलं. माझं कशात लक्ष नाही. चहात साखर दोनदा घातली, मग प्रकाशनी तो न बोलता प्यायला आणि कप ठेवून विचारलं, "काय झालंय?"

सांगितलं. कप विसळून आले. मग म्हणाले, "तू रजाच मागायला गेली होतीस ना?"

हो.

"मग राजीनामा कुणाला हवा होता?"

२० मार्च, शुक्र.

डॉक्टर मंगळवार-शुक्रवार येतात. सगळे पेशंट गेल्यावर दार पुढे करून विचारलं, सर, दवाखाना बंद होतोय का?

चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे? मला तर डिसेंबरातच कळवलं. माझं मार्चअखेर संपतंय. हडपसरच्याच एका हॉस्पिटलशी करार केलाय. माणसं कमी झाली, आता दवाखाना परवडत नाही म्हणे."

डिसेंबर. आई पडली जानेवारीत.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच आधी राजीनामा देऊन मोकळ्या झालात." मग समजूत घालावी तसं, "बरंच झालं की. जायचंच होतं तुम्हाला."

सर, मला तीन महिन्यांची रजा हवी होती, असं म्हणायचं होतं. त्याऐवजी आजच्या चिठ्ठ्या फाईलला लावल्या. बॅग आवरून गेले ते.

स्वतःचं बी.पी. मोजलं. लिहीत नाही. प्रकाश ही वही वाचत नाहीत, तरीही.

२१ मार्च, शनि.

गेले वर, अनघाकडे. दार मीच लावलं.

विचारलं, माझ्या जागी कोण येणार आहे?

"ताई, बसा ना."

नाही बसत. कोण येणार आहे?

तिने आधी विचारलं, "कोण म्हणालं तुम्हाला?" मग पेन उचललं, ठेवलं. मग, "कोणी नाही."

मला वाटत होतं मी ओरडेन. ओरडले नाही. नोकरी लागल्यापासून या इमारतीत मी कितीतरी जणांना वाईट बातमी सांगितली असेल. समोरच्याला काय होतं ते मला आज कळलं. कानात दडे बसतात. समोरच्याचे ओठ हलताना दिसतात.

ती बोलत होती. "मला सांगायला मनाई होती." "तुम्ही स्वतः आलात, ताई. मी बोलावलं नव्हतं." "ग्रॅच्युइटी तर पूर्ण मिळतेय ना." "तुम्हालाही आईसाठी मोकळं व्हायचंच होतं."

म्हटलं, रजा दिली असतीस तर काय झालं असतं?

तिने पेनाला टोपण लावलं. उत्तर मलाच कळलं. रजेवर असते तरी कंपनीच्या पटावर असते. जागा संपवताना शिंदेंसारखं मलाही बोलवावं लागलं असतं. नोटीस, तेवीस वर्षांची भरपाई, सगळं. माझ्याच सहीने त्यांचे ते पैसे वाचले.

दार उघडताना माझ्या तोंडून निघालं, "येते, मॅडम." बंद दाराआड तिला मॅडम आज पहिल्यांदा म्हटलं. तिलाही ते लागलं असावं. मान खाली घातली.

२३ मार्च

तन्वी आली होती रविवारी. ऐकून माझ्यापेक्षा तीच चिडली. "आई, शी प्लेड यू. आमच्याकडे निदान लॅपटॉप लॉक होतो, मग कळतं. तुझ्या खांद्यावर हात ठेवला तिने!" आजी आत झोपली आहे म्हणून तिला गप्प केलं.

मला चीड येत नाहीये अजून. सारखं एकच डोळ्यापुढे येतं, तिने पाणी दिलं तो ग्लास. आधी रुमालाने पुसून दिला होता.

२६ मार्च, गुरु.

प्रकाशच्या कारखान्यातल्या एकांची बहीण वकील आहे, कामगारांच्या केसेस बघते. शिवाजीनगरला कोर्टामागे जिना चढून गेलो. साठीच्या बाई, केस पांढरे, बोलणं कात्रीसारखं. मला म्हणाल्या, रडायचं असेल तर आधी रडून घ्या, मग सांगा. मी रडले नाही.

सगळं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही स्वतःहून गेलात तर तो राजीनामा. जागा संपली म्हणून तुम्हाला घालवलं तर ती कपात. कपातीला भरपाई आहे, राजीनाम्याला नाही. कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात. ते 'स्वखुशीने' कुणी लिहायला लावलं?"

व्हॉट्सअॅप दाखवलं. ते वाचून त्या म्हणाल्या, "मजकूर पाठवणं गुन्हा नाही. बाईंनी मदत केली म्हणतील. जागा रिकामी ठेवता येत नाही, माणूस बसवावाच लागेल, हे तोंडी बोलल्या ना? ऐकायला तिसरं कोण होतं?"

कोणी नव्हतं.

"हं. शेवटचा दिवस उजाडायचाय अजून?"

दहा एप्रिल.

"मग राजीनामा मागे घ्या. दिवस उजाडेपर्यंत घेता येतो."

त्यांनी मंजूर केलाय, म्हटलं.

"केला असेल. ते नाही म्हणतील. त्यावर कोर्ट काय म्हणेल ते मी आज सांगत नाही. पण तुम्ही मागेच घेतला नाहीत तर कोर्टाला म्हणायला काही उरणार नाही."

खाली उतरल्यावर प्रकाशनी रसवंतीत नेलं. ग्लास हातात तसाच. म्हणाले, "सुजाता, एक विचारू? तुला नोकरी परत हवी आहे, की तुझा हक्क हवाय?"

माहीत नाही. आई आहेच की घरी.

२८ मार्च

राजीनामा मागे घेते असं लिहून दिलं. आवक-जावकच्या टेबलावर पोच म्हणून शिक्का मारून घेतला. आवकवरची मुलगी वाचून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "सिस्टर, असं करता येतं?" म्हटलं, बघू.

१ एप्रिल

कंपनीचं उत्तर. राजीनामा मंजूर झाला आहे, मागे घेता येणार नाही, सहकार्याबद्दल आभार. सही अनघाची.

आजपासून डॉक्टर नाहीत. शिंदेंनी अॅम्ब्युलन्सची किल्ली जमा केली. जाताना बाकावर बसले क्षणभर. माझा चेहरा बघून म्हणाले, "मी बोललो नसतो तर बरं झालं आसतं का वो?" नाही शिंदे, म्हटलं, तुम्ही बोललात म्हणून तर...

उठून त्यांना चहा आणून दिला.

६ एप्रिल, सोम.

आईला कळलं. बाई स्वयंपाकघरात फोनवर कुणाला तरी सांगत होती, "ताईंची नोकरी गेली ना." आई दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी माझा हात धरून खूप वेळ जोर लावला, मग दोनच शब्द आले, "माज्या... मुळं."

नाही गं आई, नाही, असं म्हणत राहिले. ती मान हलवत राहिली. तिला समजवायला गेले तर सगळी गोष्ट सांगावी लागेल, आणि मग ती म्हणेल...

काय म्हणेल? ही बाई पन्नास वर्षांपूर्वी मिलमधून काढून टाकलेल्या माझ्या वडिलांना, दादांना, म्हणाली होती, गप्प बसून आलात तर जेवायला वाढणार नाही. दादा ही गोष्ट हसत हसत सांगायचे.

१० एप्रिल, शुक्र.

शेवटचा दिवस. त्यांच्या हिशोबाने.

तीन वाजता कॅन्टीनमध्ये बोलावलं. मला वाटलं मीटिंग आहे. बघते तर टेबलावर केक, शाल, नारळ, सगळं खातं जमलेलं. प्रेसवरची पोरं, पेंटशॉपच्या बायका, आवकवाली. मी दारातच थांबले. मी राजीनामा मागे घेतलाय हे आवकवालीशिवाय यांतल्या कुणालाच माहीत नाही.

अनघा पुढे आली. दोन वाक्यं छान बोलली. सिस्टरांनी आपल्या सगळ्यांना आईसारखं वगैरे. आवाज मध्येच अडकला तिचा. नाटक नव्हतं ते, मी ओळखते. म्हणून जास्त धक्का बसला. खरंच भरून आलं होतं तिला, आणि हातात शाल होती.

शाल खांद्यावर टाकायला वाकली. मी एक पाऊल मागे झाले. म्हटलं, "मॅडम, मी जात नाहीये."

टाळ्या वाजवायला वर केलेले हात तसेच राहिले. एकदोघं हसली, गंमत समजून.

म्हटलं, "मी राजीनामा मागे घेतलाय. माझ्या जागी तुम्ही कुणालाही आणलेलं नाही. मी चार्ज द्यायचा कुणाकडे, ते सांगा. इथे असेल ती व्यक्ती तर तिच्याकडे देते आणि शाल घेते."

अनघाने शाल घडी करून टेबलावर ठेवली. पेंटशॉपच्या मंदाने विचारलं, "म्हंजे? नवीन सिस्टर न्हाई येणार?"

मी दवाखान्यात परत गेले. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली घ्यायला कुणीच आलं नाही. साडेपाच वाजले. किल्ली टेबलावर ठेवून निघाले. मी एवढं बोलले?

११ एप्रिल, शनि.

वकीलबाईंनी सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशीही जा. न जाणं म्हणजे राजीनामा.

कंपनीच्या बसने घेतलं नाही. ड्रायव्हर बघत नव्हता माझ्याकडे. पी.एम.टी.ने दोन बस बदलून गेले. गेटवर कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल.

वॉचमन जुना आहे, त्याच्या पायातून पत्रा मीच काढला होता. म्हणाला, "सिस्टर, वरून सांगितलंय." डोळे पायाकडे.

बाजूने सगळी शिफ्ट आत गेली. कुणी नमस्कार केला, कुणी केला नाही. मी पांढऱ्या साडीत गेटबाहेर डबा घेऊन. साडेनऊपर्यंत उभी होते. मग फोनवरून मेल केला, कामावर हजर झाले, आत घेतलं नाही.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी कॉलनीत वंदना. आईला खुर्चीत बसवून खाली नेलं, पहिल्यांदाच. पांढरी साडी नेसवली तिला, एकदम सरळ बसली.

कुणी कुणी विचारत होतं, "काय सिस्टर, रिटायर झालात म्हणे?" नाही. "मग सोडली?" नाही. "काढलं?" नाही, तसंही नाही. मग काय, ते मला सांगता येईना. माझं जे झालंय त्याला शब्द नाही. मी कामावर नाही, पण गेलेलीही नाही. आणि मी जिथे नाही ती जागाच नाही.

शेवटी प्रकाश म्हणाले, "केस चालू आहे." आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. नंतर घरी आल्यावर भरपूर जेवली.

१६ एप्रिल

वकीलबाईंबरोबर कामगार कार्यालयात अर्ज दिला. दोन्ही बाजूंना बोलावून आधी समेट होतो का बघतात. तारीख ५ मे.

५ मे, मंगळ.

अकराला बोलावलं होतं, साडेबाराला घेतलं. खोलीत कूलरचा धडधडाट. अधिकारी पन्नाशीचे, तोंडात बडीशेप, आवाज थंड. कंपनीकडून अनघा आणि एक सल्लागार. ती समोर बसली, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

सल्लागार म्हणाले, बाईंनी स्वखुशीने राजीनामा दिला. आईचं आजारपण. कपातीचा प्रश्नच येत नाही.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "जागा रद्द केली का?"

सल्लागार, "नाही, सर. जागा रद्द वगैरे काही केलेली नाही."

मग अधिकारी अनघाकडे बघून, "मॅडम, यांच्या जागी माणूस घेतला?"

आणि अनघा म्हणाली, अगदी सहज, जिन्यात बोलली होती त्याच आवाजात, "भरायची आहे, सर. प्रक्रिया चालू आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. डॉक्टर गेले, गाडी विकली, दवाखान्याला कुलूप. मंदा परवा फोनवर म्हणाली, आतली कॉटसुद्धा नेली. आणि ही म्हणते भरायची आहे. खोटं बोलताना तिचा गळाही हलला नाही. मी तिला इतकी वर्षं तपासलंय, मला दिसलं असतं.

अधिकाऱ्यांनी बडीशेप चावली. म्हणाले, "म्हणजे जागा आहे."

"हो सर."

"भरायची आहे."

"हो."

"बाईंनी राजीनामा मुदतीत मागे घेतला. काम येतं त्यांना, की नाही येत?"

सल्लागार काहीतरी बोलायला गेले. त्यांना हाताने थांबवलं. "मग नवीन कशाला शोधताय? या काय समोर बसल्या आहेत. जागा आहे तर यांना बसवा. जागा नाही म्हणत असाल तर कपात झाली, भरपाई द्या. दोन्ही कसं चालेल? पुढच्या तारखेला एकच काय ते सांगा. १९ मे."

बाहेर आलो. वकीलबाई जिन्यात पहिल्यांदा हसल्या, पण म्हणाल्या, "फार खूश होऊ नका. पुढच्या वेळी ते राजीनाम्यावरच अडून बसतील. मग साहेब तुम्हाला विचारतील, का दिलात? रजा मागायला गेलेली बाई राजीनामा का देते? तेव्हा त्या खोलीत काय बोलणं झालं ते नावानिशी सांगावं लागेल. त्या नाही म्हणतील. तरी सांगायचं."

१२ मे

तन्वी म्हणते, सगळं सांग, सोडू नकोस तिला. प्रकाश म्हणतात, तुझं तू ठरव. आई काही म्हणत नाही, पण कालपासून डाव्या हाताने स्वतःची वेणी घालायचा प्रयत्न करतेय.

नोकरी हवी आहे का, हा प्रकाशचा प्रश्न अजून तसाच. परत बोलावलं तर जाईन कुठे? त्या रिकाम्या खोलीत? पण पहाटे साडेपाचला जाग येते आणि अंग आपोआप तयारीला लागतं.

१८ मे, सोम.

दुपारी फोन. अनघा.

उचलू की नको करत उचलला. म्हणाली, "ताई, मी घरून बोलतेय. माझ्या फोनवरून. कंपनीला माहीत नाही."

बोल.

"आई कशा आहेत?" बऱ्या आहेत म्हटलं. या वेळी उत्तर ऐकून घेतलं तिने.

मग म्हणाली, "उद्या तुम्हाला विचारतील, राजीनामा का दिलात. माझं नाव घेणार?"

मी विचारलं, त्या दिवशी तू काय बोललीस ते आठवतं तुला?

तिच्याकडे मिक्सर चालू होता कुणाचा तरी, तो थांबला.

"आठवतं. सगळं आठवतं." मग आवाज उतरला, "माझ्याकडे अकरा नावं आली होती, ताई. कुणाला कसं कमी खर्चात... तुमचं नाव पहिलं होतं. तुम्ही त्याच आठवड्यात स्वतःहून दारात आलात. मला वाटलं, सुटले. निदान तुम्हाला तोंडावर सांगावं लागणार नाही."

अकरा. बाकीचे दहा कोण? विचारायचं राहिलं. नंतर सुचलं.

म्हटलं, मग हे तूच सांग ना उद्या तिथे.

"माझीही नोकरी आहे, ताई. बारावं नाव माझं लिहायला त्यांना किती वेळ लागेल?"

ती रडत होती. मला तिचं रडणं ओळखू येतं, आधी श्वास अडकतो. तोंडून सवयीने "पाणी पी" निघणार होतं. गिळलं.

विचारलं, उद्या येणार आहेस ना?

"पाठवलं तर."

आणि ठेवला.

संध्याकाळी वकीलबाईंचा मेसेज, साडेदहापर्यंत या, कागद मी आणते. प्रकाशनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. त्यांना फोनचं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की ते विचारतील, मग उद्या तिचं नाव घेणार का. आणि मी अजून ठरवलेलं नाही.